‘तुला पाहते रे’ : शीर्षकातील ‘रे’ आणि रूपांतरे

दूरचित्रवाणीवरील एखाद्या मालिकेचे परभाषेत रूपांतर झाले, म्हणजे तिचे परीक्षण बहुधा कथानकाच्या अंगाने होते. कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला, नायकाचे घर कोठे हलविले, याची नोंद झाली की हिशेब पुरा झाला असे मानले जाते. वस्तुतः कथानक हे रूपांतरात सर्वांत सुखाने प्रवास करणारे अंग होय. अडते ते संबोधनापाशी : कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, आणि तसे म्हणण्याचा त्याला काय अधिकार. अतिमानुष प्रेमकथेत तर हा प्रश्न दुप्पट बिकट होतो, कारण तेथे एकाच देहातून दोघे बोलत असतात.

२०१५ साली दक्षिण कोरियात गाजलेल्या एका मालिकेत एका मृत तरुणीचे भूत पाकशाळेतील भित्र्या सहायक मुलीच्या अंगात शिरते आणि तेथील मुख्य आचाऱ्याशी सलगी करू पाहते. तिच्या कोरियन शीर्षकात ‘ग्विशिन’ म्हणजे भूत या शब्दास ‘निम’ हा आदरार्थी प्रत्यय जोडलेला आहे. मराठीत ‘भूतबाईसाहेब’ म्हणावे तसा. २०१८ साली तिचे थाई रूपांतर झाले. थाई भाषेत असा प्रत्यय नाही. तेथील रूपांतरकारांनी ‘देवा, वाचव’ अशा अर्थाचा तिकडचा रूढ उद्गार घेतला आणि त्यातील पूज्यवाचक शब्दाच्या जागी ‘फी’, म्हणजे भूत, हा शब्द बसविला. ‘खुन’ हे थाई लोकांचे नित्याचे आदरवाचक पद त्या उद्गारात आधीच होते, ते भुताला आयते मिळाले. (थाईत ‘फी’ एका स्वराघाताने भूत आणि दुसऱ्या स्वराघाताने वडील भावंड, प्रियकरालाही मुली याच दुसऱ्या शब्दाने हाक मारतात.) भुताला द्यावयाचा थट्टेचा मान अशा रीतीने सीमा ओलांडून गेला.

मराठीतील या जातीचे ठळक उदाहरण म्हणजे झी मराठी वाहिनीवर १३ ऑगस्ट २०१८ ते २० जुलै २०१९ या काळात प्रक्षेपित झालेली ‘तुला पाहते रे’ ही मालिका. मध्यमवर्गीय घरातील ईशा निमकर (गायत्री दातार) आणि सुमारे वीस वर्षांनी मोठा उद्योगपती विक्रांत सरंजामे (सुबोध भावे) यांची ही प्रेमकथा. उत्तरार्धात असे उघड होते की विक्रांत हा मूळचा गजेंद्र पाटील. सरंजामे घराण्याची मुलगी राजनंदिनी (शिल्पा तुळसकर) ही त्याची पहिली पत्नी. संपत्तीसाठी तिचा घात त्यानेच केला. आणि ईशा हा तिचाच पुनर्जन्म आहे. वयातील अंतर, ज्यावर प्रारंभी पुष्कळ टीका झाली, ते येथे कथेच्या गणितातच बसते. देवलांच्या ‘शारदे’पासून मराठी रंगभूमी ज्या विषम विवाहाला हसत आणि रडत आली, तो येथे विषम राहतच नाही : मृत्यूमुळे एकीचे वय पुन्हा शून्यापासून सुरू झाले, दुसऱ्याचे चालू राहिले.

आता शीर्षकाचे व्याकरण पाहावे. ‘तुला’ने जवळीक दाखविली, ‘पाहते’ने बोलणारी स्त्री असल्याचे सांगितले, ‘रे’ने ऐकणारा पुरुष असल्याचे. तीन शब्दांत दोन माणसे आणि त्यांचे नाते उभे राहते. परंतु ईशा विक्रांतला ‘सर’ म्हणते. ‘सर’ आणि ‘रे’ एका मुखात नांदत नाहीत. तेव्हा हे वाक्य ईशाचे नव्हे, राजनंदिनीचे आहे. रहस्य पडद्यावर उलगडण्यापूर्वी कित्येक महिने ते रोज रात्री शीर्षकातून सांगितले जात होते. शिवाय ‘पाहणे’ या क्रियापदात माया आहे तशी धमकीही आहे. पाचगणी, वाई, साताऱ्याकडे नित्याच्या बोलण्यात ‘पाहणे’पेक्षा ‘बघणे’ अधिक. तेथील बाजारात कोणी ‘तुला बघते’ म्हणाली तर ऐकणारा प्रेमाचा अर्थ काढणार नाही.

या शब्दांना गीताचीही पूर्वस्मृती आहे. राजा परांजपे यांच्या ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचे, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले गीत याच शब्दांनी सुरू होते. तेथे गाणारी नायिका अंध आहे. डोळे नसलेलीचे पाहणे हे मेलेलीच्या पाहण्याला किती जवळचे आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे शीर्षकाची निवड केवळ लोकप्रिय गाण्याचा आधार म्हणून झाली असे म्हणवत नाही.

आडनावाचेही तसेच. ‘सरंजाम’ म्हणजे मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेले उत्पन्न. तत्त्वतः ते चाकरीसाठी असे, सरकार ते काढूनही घेई, व्यवहारात मात्र वंशपरंपरा चाले. जे आपले नव्हे ते वारशासारखे भोगणाऱ्या गजेंद्र पाटलाला याहून नेमके नाव मिळाले नसते.

दक्षिणेत ही कथा २०१९ मध्ये कन्नडात आणि २०२० मध्ये तेलुगू, तमिळ व मल्याळमात गेली. २०२५ मध्ये हिंदीतही आली. पुनर्जन्माचा सूड तेथे नवा नव्हता. ‘कर्ज’ (१९८०) या हिंदी चित्रपटाची तमिळ (१९८४) आणि कन्नड (१९८९) रूपांतरे पूर्वीच झाली होती; फरक इतकाच की त्यांत मारणारी पत्नी होती. कन्नड आणि तेलुगू नायकाचे नाव आर्यवर्धन : भारदस्त, पण ज्याला कोणताही इतिहास चिकटलेला नाही असे. मराठी मालिका वर्षाच्या आत संपली, कन्नड २०२३ पर्यंत चालली आणि तेलुगू त्याहूनही लांबली. सूडाची कथा इतकी ताणली म्हणजे सूड कोणाचा, हेच विसरायला होते.

शीर्षकांत तर पाहणारी स्त्री सर्वत्र नाहीशी झाली. कन्नड ‘जोते जोतेयली’ म्हणजे सोबत सोबत. मल्याळम ‘नीयुम् ञानुम्’ म्हणजे तू आणि मी. द्राविडी भाषांत प्रथमपुरुषी क्रियापद लिंग दाखवीत नाही, ही अडचण खरी. पण ‘रे’ची जागा घेऊ शकणारे तमिळ ‘डा’, तेलुगू ‘रा’, कन्नड ‘कणो’ हाताशी होतेच. ते घेतले असते तर एका तरुण मुलीने श्रीमंत वडीलधाऱ्या पुरुषाला असे एकेरी हाकारणे उद्धट वाटले असते. नेमके तेच तर हवे होते. कारण हाकारणारी ती मुलगी नव्हेच.

तेलुगू शीर्षकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘प्रेम एंत मधुरम्’, म्हणजे प्रेम किती मधुर, हे ‘अभिनंदन’ (१९८८) या चित्रपटातील इलयराजांच्या गीताचे आरंभीचे शब्द होत. त्या ओळीचा उरलेला अर्धा भाग प्रेयसीच्या कठोरपणाविषयी आहे. शीर्षकात तो घेतलेला नाही. तेलुगू प्रेक्षकाला मात्र तो पाठ आहे.