कोअर प्रशिक्षण व हौशी बास्केटबॉलपटूंची क्रीडाक्षमता : संशोधनपद्धतीची चिकित्सा

शारीरिक शिक्षणविषयक शोधनिबंधांत 'कोअर प्रशिक्षण' हा विषय गेल्या काही वर्षांत वारंवार हाताळला गेला आहे. त्याचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. हेतुपुरस्सर निवडलेल्या खेळाडूंचे दोन गट केले जातात. प्रायोगिक गटाला सहा ते आठ आठवडे प्लँक, क्रंचेस व सिट-अप्स दिले जातात, नियंत्रित गटाला काहीही दिले जात नाही. उत्तरचाचणीनंतर 'टी' मूल्य ०.०५ पातळीवर सार्थ आले की परिकल्पना स्वीकारली जाते.

या आराखड्यातील पहिला दोष नियंत्रित गटाचा आहे. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील महाविद्यालयांत संध्याकाळी मैदानावर येणारा बहुतेक विद्यार्थी हौशी खेळाडू असतो. नियमित व्यायामाची सवय त्याला नसते. अशा विद्यार्थ्याने दोन महिने कोणताही व्यायाम नेमाने केला तरी त्याची क्षमता वाढेल. ती कोअर व्यायामाने वाढली की निव्वळ नियमितपणाने, हे निष्क्रिय गटाशी केलेली तुलना सांगू शकत नाही. तेवढाच वेळ जोर-बैठका करणारा गट समोर ठेवला, तरच प्रश्नाला अर्थ येतो.

दुसरा दोष मापनाचा. प्लँकचा सराव करून घ्यायचा आणि प्लँक किती सेकंद टिकला हे मोजायचे, यात सरावाचीच परीक्षा होते. खेळाची होत नाही. ३.०५ मीटर उंचीच्या रिंगकडे झेपावताना, रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेताना किंवा धावता धावता एकदम थांबून दिशा बदलताना धड स्थिर राहिले काय, हे तेथे कोठेच नोंदले जात नाही. नेसर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलपटूंचा अभ्यास केला, तेव्हा कोअर स्थिरता व क्रीडाक्षमता यांतील सहसंबंध क्षीण ते मध्यम एवढाच आढळला. रीड व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील आढाव्यातही केवळ कोअर व्यायामांचा क्रीडाक्षमतेवरील लाभ मर्यादितच दिसला. हे निष्कर्ष जुने आहेत, सहज उपलब्ध आहेत. तरीही 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात बहुधा अनुकूल निबंधांचीच गर्दी असते.

तथापि सर्वांत मूलभूत गोंधळ संकल्पनेचा आहे. 'कोअर' म्हणजे पोट, असे गृहीत धरले की व्यायामही पोटाचेच निवडले जातात. किब्लर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिलेली व्याख्या याहून व्यापक आहे: श्रोणीवरील धडाची स्थिती व हालचाल अशी नियंत्रित करणे, की बल निर्माण होऊन ते हातापायांच्या टोकापर्यंत पोहोचावे. लीटन व सहकाऱ्यांचा २००४ मधील अभ्यास तर थेट बास्केटबॉल व मैदानी खेळांतील खेळाडूंचा होता. पायांच्या दुखापतीचे भाकीत करण्यास त्यात उपयोगी ठरले ते नितंबाच्या बाह्य परिभ्रमणाचे बल. क्रंचेसने त्याचा सराव होत नाही.

या व्यापक अर्थाने पाहिल्यास विषय येथील मातीला नवा नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती अहिल्यानगरातच. तालमीतला मल्ल धड निश्चल ठेवून सेकंद मोजत बसत नाही. प्रतिस्पर्ध्याचा जोर अंगावर घेत, कंबर फिरवत तो ते घडवतो. बडोद्याहून दहा खंडांत निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त देशी व्यायामांची तपशीलवार माहिती आहे. पण कोअरविषयक निबंधांच्या संदर्भसूचीत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, ही विसंगती बोलकी आहे.

याचा अर्थ कोअर व्यायाम टाकाऊ आहेत असा नव्हे. त्यांना साधने लागत नाहीत, जागा थोडी पुरते. तुटपुंज्या निधीच्या महाविद्यालयात हा लाभ मोठा आहे. प्रश्न विद्यार्थ्याच्या वेळेचा आहे. सरावाला मिळणाऱ्या तासातील वीस मिनिटे जमिनीवर पडून घालवायची असतील, तर ती उडी मारून नीट उतरण्याच्या सरावातून का काढून घ्यावीत, याचे उत्तर संशोधकाने दिले पाहिजे. भिंतीवर खडूच्या खुणेने मोजलेली उभी उडी, शंकूंभोवतीची चपळता चाचणी आणि हंगामभर ठेवलेली घोटा-गुडघ्याच्या तक्रारींची वही एवढ्यावरही ते शोधता येईल. सिमेंटच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींसाठी यातली वहीच अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमका तिच्यासाठीच प्रचलित आराखड्याच्या कोष्टकांत स्तंभ नसतो.