‘नाविक’ प्रणाली आणि शासकीय देखरेख : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात ‘नाविक’ या भारतीय उपग्रहाधारित दिशादर्शन प्रणालीच्या उभारणीवरील शासकीय देखरेखीची चिकित्सा केली आहे. विषय तांत्रिक वाटला, तरी तो नाशिकपासून दूर नाही. प्रवासी वाहतुकीच्या नव्या वाहनांत (तीनचाकी वगळता) २०१९ पासून ठावठिकाणा कळविणारे यंत्र सक्तीचे झाले व त्यास ‘नाविक’ची जोड देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. साहजिकच नाशिकच्या बसस्थानकावरील प्रवाशाचाही या प्रणालीशी संबंध येतो.

केंद्र शासनाने २००६ मध्ये १,४२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली. सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात सोडले गेले. महालेखापरीक्षकांच्या नोंदीनुसार मार्च २०१७ पर्यंत खर्च २,२४६ कोटींवर पोहोचला होता. दरम्यान पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे निकामी झाली. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले, तरी अंतराचे गणित सुमारे ३०० मीटरने चुकते. ऑगस्ट २०१७ मध्ये बदली उपग्रह उष्णतारोधक आवरणातच अडकला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला ‘एनव्हीएस-०२’ नियोजित कक्षेत पोहोचला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार ११ पैकी ४ उपग्रह स्थाननिश्चितीची सेवा देत होते. स्थाननिश्चितीस किमान ४ उपग्रह लागतात. म्हणजे राखीव एकही नव्हता.

अपयश हे संशोधनाचे अटळ अंग आहे. आक्षेप देखरेखीच्या रचनेवर आहे. इस्रोचे अध्यक्ष, अंतराळ विभागाचे सचिव व अंतराळ आयोगाचे अध्यक्ष ही तिन्ही पदे प्रथेने एकाच व्यक्तीकडे असतात. परिणामी काम करणारा व ते तपासणारा यांत भेद उरत नाही. महालेखापरीक्षकांची तपासणी बाहेरची खरी, परंतु ती खर्चानंतरची. याउलट युरोपच्या ‘गॅलिलिओ’ प्रणालीची उभारणी चालू असतानाच, २००९ मध्ये, तेथील लेखापरीक्षकांनी तिच्या व्यवस्थापनावर विशेष अहवाल प्रसिद्ध केला. तिचे दोन उपग्रह २०१४ मध्ये चुकीच्या कक्षेत गेले, तेव्हा स्वतंत्र चौकशी मंडळाचे निष्कर्ष दोन महिन्यांच्या आत जाहीर झाले.

‘नाविक’ची एक सेवा संरक्षण दलांसाठी असल्याने काही गोपनीयता आवश्यक आहे. तथापि नागरी सेवेचे किती उपग्रह कार्यरत आहेत, हे सांगण्याने ती भंगत नाही. यंत्र सक्तीचे करणाऱ्या शासनाने प्रणालीच्या स्थितीचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवणे व विभागाबाहेरील तज्ज्ञांचे तपासणी मंडळ नेमणे, ही किमान अपेक्षा आहे. सक्ती नागरिकावर आणि उत्तरदायित्व कोणावरच नाही, ही स्थिती लोकशाहीस शोभणारी नाही.