‘फर्स्ट ब्लड’ : वाटसरूचा गुन्हा कोणता?

पाठलागाच्या कथेचे आकर्षण मनुष्यास फार जुने आहे. एक जण पुढे धावतो, दहा जण मागे धावतात आणि मध्ये अरण्य असते. एवढ्या सामग्रीवर कुशल कथाकार श्रोत्यांस रात्रभर जागवू शकतो. १९८२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट याच जातीचा. आम्ही तो प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेत, शेजाऱ्यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. त्या वेळी आमची रीत अशी होती की, आरंभीचा भाग बटन दाबून पुढे सरकवावयाचा आणि नायक मोटारसायकलीवर बसून डोंगराकडे निघाला की सावरून बसावयाचे. पुढे कायद्याचा अभ्यास झाला, वकिलीत बरीच वर्षे गेली, आणि अलीकडे हा चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. या खेपेस, जो भाग आम्ही तेव्हा टाकून देत असू, तोच दोनदा मागे नेऊन पाहिला. चित्रपटाचे मर्म अरण्यात नसून त्या पहिल्या पंधरा मिनिटांत आहे, असे आता आमचे मत झाले आहे; आणि ते सकारण मांडावे एवढाच या लेखाचा उद्देश.

कथानक थोडक्यात असे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला जॉन रॅम्बो नावाचा सैनिक आपल्या तुकडीतील एका सोबत्याचा पत्ता शोधीत पायी येतो. सोबती भेटत नाही. युद्धात झाडांची पाने झडावीत म्हणून जी विषारी औषधे फवारली गेली, त्यांच्या परिणामाने तो कर्करोगाने वारल्याचे त्याची आई सांगते. तुकडीतला शेवटचा मनुष्य आता आपणच, हे ओझे घेऊन रॅम्बो ‘होप’ नावाच्या लहान गावाकडे वळतो. होप म्हणजे आशा. गावाचे हे नाव लेखकाने उगाच ठेवले नसावे. वेशीवर शेरीफ टीझल त्याला गाठतो. वाढलेले केस, सैनिकी डगला, खांद्यावर वळकटी. शेरीफ त्याला गाडीत घेतो, हसून बोलतो, जेवण तीस मैलांवर मिळेल असे सांगतो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे उतरवून देतो. रॅम्बो क्षणभर उभा राहतो आणि परत गावाकडे चालू लागतो. बस्स, एवढ्यावर पुढील सारा अनर्थ उभा आहे.

या प्रसंगातील संभाषण कायद्याच्या विद्यार्थ्याने अवश्य ऐकावे. येथे काही खाण्यास कायद्याची मनाई आहे काय, असा साधा प्रश्न रॅम्बो विचारतो. शेरीफचे उत्तर, मनाई आहे आणि ती म्हणजे मीच, अशा अर्थाचे आहे. कलम नाही, हुकूम नाही. कायद्याच्या आसनावर व्यक्ती बसली आहे. तो परत फिरल्यावर मात्र कलमे भराभर सापडतात. उनाडपणा, अटकेस विरोध, लपविलेले शस्त्र. आधी मनुष्य ठरला, मग गुन्हा शोधला. आमच्या व्यवसायात हा क्रम ज्याने पाहिला नाही असा वकील विरळा.

उनाडपणाच्या या आरोपाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण चित्रपट त्याचा इतिहास सांगत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांतून अमेरिकेत आलेले हे कलम जवळजवळ प्रत्येक गावच्या नियमांत असे. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल शहराच्या नियमात तर भटके, जुगारी, हातचलाखी करणारे आणि कायदेशीर हेतूवाचून इकडून तिकडे हिंडणारे अशा सर्वांस एकाच दोरीत बांधले होते. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पापाक्रिस्टू’ खटल्यात हा नियम घटनाबाह्य ठरविला. नियम इतका संदिग्ध की, कोणते वर्तन गुन्हा आहे हे सामान्य माणसास कळू नये आणि कोणास पकडावे हे सर्वस्वी पोलिसाच्या मर्जीवर राहावे, हे त्याचे मुख्य कारण. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकालपत्रात भटकंतीचे गुण गाणाऱ्या व्हिटमनसारख्या कवींचा आणि थोरोचा आदराने उल्लेख केला, ही गोष्ट साहित्यप्रेमी वाचकांस आवडेल. योगायोग असा की, ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला ती डेव्हिड मोरेल यांची ‘फर्स्ट ब्लड’ याच १९७२ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा टीझलच्या आरोपाचा पाया खचून दहा वर्षे झाली होती. तरीही वृत्ती जिवंत होती. कॅलिफोर्नियात एका पायी फिरणाऱ्या गृहस्थास १९७५ ते १९७७ या अवधीत सुमारे पंधरा वेळा अडविले गेले. त्याला न्याय मिळाला तो १९८३ च्या मे महिन्यात, म्हणजे या चित्रपटानंतर अर्ध्या वर्षाने. गावकुसाबाहेर नेऊन सोडण्याची टीझलची युक्ती ही कवीची कल्पना नव्हती, हे यावरून दिसेल.

आता चाकूचा विचार करावा. रॅम्बोजवळचा मोठा चाकू हा चौकीत पुरावा ठरतो. हा कशासाठी, असे विचारता तो शिकारीसाठी असल्याचे सांगतो, आणि ऐकणारे हसतात. पुढे अरण्यात त्याच चाकूच्या पोकळ मुठीतून सुई-दोरा निघतो आणि तो आपला फाटलेला दंड स्वतः शिवतो. त्याच चाकूच्या आधारावर तो पोट भरतो आणि कुजक्या कापडाचे पांघरूण बेततो. वस्तू एकच, गावात ती अपराध आहे, अरण्यात ती शिंपी, वैद्य आणि स्वयंपाकी आहे. दिग्दर्शक टेड कॉचेफ यांनी हे कोठेही बोलून दाखविले नाही, यातच त्यांचे कौशल्य.

चौकीतील छळाचा प्रसंगही असाच संयमित आहे. सकाळी न्यायाधीशापुढे उभे करावयाचे म्हणून कैद्यास ‘स्वच्छ’ करण्याचा हुकूम होतो. त्यावर पाण्याचा प्रचंड झोत सोडतात, आणि वस्तरा गळ्याशी येताच त्याच्या डोळ्यांपुढे शत्रूच्या तुरुंगातील यातना उभ्या राहतात. न्यायालयात नेण्याच्या तयारीतच न्यायाचा गळा कापला जातो, ही विसंगती आम्हांस फार बोचली. मनावरील अशा आघातास अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले ते १९८० साली, चित्रपटापूर्वी दोनच वर्षे. सर्वसामान्य प्रेक्षकास त्या व्याधीचे नाव ठाऊक नसता सिल्व्हेस्टर स्टॅलन यांनी ती केवळ डोळ्यांनी दाखविली.

अरण्यातील पाठलाग ब्रिटिश कोलंबियातील होप गावाच्या परिसरात, थंडीच्या दिवसांत चित्रित झाला. ओली झाडे, काळे खडक, तोंडातून निघणारी वाफ आणि जेरी गोल्डस्मिथ यांचे उदास तुतारीचे संगीत यांनी एक असे वातावरण तयार होते की, प्रेक्षकासही हुडहुडी भरते. गाल्ट नावाचा पोलिस वरिष्ठाची आज्ञा मोडून हेलिकॉप्टरमधून नायकावर गोळ्या झाडतो. नायक एक धोंडा फेकतो. यंत्र डगमगते आणि गाल्ट खाली कोसळतो. साऱ्या चित्रपटात एवढाच एक मृत्यू आहे. त्यानंतर जे घडते ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. रॅम्बो हात वर करून समोर येतो, एक मनुष्य मेला, आता आणखी कोणी मरू नये, असे सांगतो. आणि उत्तरादाखल गोळ्या येतात. शरण येणाऱ्याचे शरण जाणे जेथे स्वीकारले जात नाही, तेथे पाठलाग संपतो आणि युद्ध सुरू होते. पुढे अंधारात टीझलच्या गळ्याशी चाकू धरून तो बजावतो की, गावात कायदा तू असशील, येथे मी आहे. पुलाजवळचे शेरीफचे वाक्य येथे त्याच्याकडेच परतले आहे. दोन माणसांनी स्वतःस कायदा म्हणवून घेतल्यावर मध्ये न्यायास जागा कोठली?

हा प्रसंग पाहताना आम्हांस सौप्तिकपर्वाची आठवण झाली. युद्ध संपले आहे, पण अश्वत्थाम्याच्या मनातले संपलेले नाही. शिबिर झोपले असता तो रात्रीच्या अंधारात परत येतो. महाभारतकारांनी त्याला क्षमा केली नाही आणि मरणही दिले नाही. कपाळीची जखम घेऊन तो हिंडत राहतो. रॅम्बोही शेवटी रात्रीच गावात परततो आणि पेट्रोल पंप पेटवून देतो. भेद एवढाच की, तो झोपलेल्यांस मारीत नाही.

कर्नल ट्राउटमन हे पात्र मात्र आम्हांस अर्धेच पटले. आपल्या शिष्याची स्तुती करताना तो जादूच्या खेळाची जाहिरात करावी तसा बोलतो. परंतु चित्रपटातील एकमेव शहाणा सल्ला त्याच्याच तोंडी आहे. वेढा ढिला करा, त्याला निसटू द्या. काही आठवड्यांनी सिअ‍ॅटलसारख्या एखाद्या शहरात मोटारी धुण्याचे काम करताना तो विनासायास सापडेल, असे तो सुचवितो. टीझल ऐकत नाही, कारण आता प्रश्न गुन्ह्याचा राहिलेला नसून अभिमानाचा झाला आहे. या सल्ल्याचे कटू उत्तर शेवटी मिळते. युद्धात लाखो डॉलरांची यंत्रे ज्याच्या हाती दिली होती, त्याला इकडे मोटारी उभ्या करून ठेवण्याचेदेखील काम टिकविता आले नाही, असे सांगत रॅम्बो ओक्साबोक्शी रडतो. सर्वोच्च शौर्यपदक मिळविलेल्या या मनुष्याची योग्यता कर्नलने मोटारी धुण्यापुरती ठरविली होती, आणि जगाने तीही मानली नव्हती.

दोष सांगितलेच पाहिजेत. कड्यावरून झाडावर पडून जिवंत राहणे हे कोणत्याही शरीरशास्त्रात बसत नाही. शेवटचे भाषण प्रभावी असले तरी, जे चित्रांनी आधीच सांगून झाले होते ते शब्दांनी पुन्हा सांगते. परंतु मोठा दोष कादंबरीशी तुलना करता दिसतो. मोरेल यांनी आळीपाळीने रॅम्बो आणि टीझल या दोघांच्या मनात प्रवेश केला आहे. त्यांचा टीझल कोरियाच्या युद्धातील मानाचे पदक मिळविलेला योद्धा आहे. म्हणजे दोन युद्धांतील दोन सैनिक एकमेकांसमोर उभे आहेत. त्यांचा रॅम्बो अनेकांचे प्राण घेतो, आणि अखेरीस ट्राउटमनच्या हातून मरतो. ब्रायन डेनेही यांचा कसदार अभिनय असूनही चित्रपटातील टीझल बराचसा हेकट अधिकारीच राहतो. नायकाने मरावे असा शेवट प्रथम चित्रित झाला होता. चाचणीच्या प्रेक्षकांस तो रुचला नाही आणि बदलला गेला. आम्ही त्या प्रेक्षकांस सर्वस्वी दोष देणार नाही. ज्याचा अपराधच सिद्ध झाला नाही त्याला देहान्त का, हा त्यांचा प्रश्न न्याय्य होता. पण नायक जगल्यामुळे १९८५ साली दुसरा भाग निघाला, आणि तेथे हाच दुःखी मनुष्य व्हिएतनामात जाऊन शत्रूंचा सडा घालू लागला. आज ‘रॅम्बो’ म्हणजे आडदांड मारेकरी अशी जी समजूत आहे, ती त्या उत्तरभागांची देणगी. मूळ चित्रपटावर तो अन्यायच होय.

हे सारे आपल्यापासून दूर आहे असे कोणी म्हणेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या देवळाच्या अग्रशाळेत एक अनोळखी मनुष्य येऊन झोपला. केस पिंजारलेले, नाव विचारता उत्तर नाही. काही महाजनांचे म्हणणे पडले की, पोलिसांस कळवावे. आणि वकील म्हणून आमचे मत विचारण्यात आले. गुन्हा कोणता लावावयाचा, असे आम्ही विचारले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यास निर्वाहाचे उघड साधन नाही, किंवा ज्यास स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देता येत नाही, त्याच्याकडून जामीन मागण्याची तरतूद होती. १९७३ च्या संहितेने ती गाळली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यातही निर्वाहाच्या दृश्य साधनावाचून हिंडणाऱ्याचा समावेश झाला. त्यातील बरीच कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती रद्द केली. कायदे असे हळूहळू मागे सरतात. नजर मात्र तशीच राहते. त्या मनुष्यास प्रसादाचे जेवण मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपल्या वाटेने गेला. तो कोण होता हे आम्हांस कळले नाही, आणि कळण्याचा आमचा हक्कही नव्हता. खरे सांगावयाचे तर त्या रात्री आमच्याही मनात पहिली शंका चोरीचीच आली होती.

व्हिएतनाममध्ये मेलेल्यांची नावे कोरलेली काळ्या दगडाची भिंत वॉशिंग्टन येथे १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लोकार्पण झाली; चित्रपट प्रदर्शित होऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. मेलेल्यांसाठी दगड उभारणे त्या मानाने सोपे असते. जो जिवंत परत आला आणि गावात शिरून काही खावयास मागू लागला, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न ‘फर्स्ट ब्लड’ विचारतो. हा चित्रपट वाचकांनी अवश्य पाहावा. अरण्यातील थरार आपोआप पदरी पडेलच. आमची विनंती एवढीच की, आमच्या लहानपणच्या रीतीप्रमाणे आरंभीचा भाग पुढे सरकवू नये.