विमानाच्या एंजिनाचे शीतलीकरण आणि हवेचा रोध : मेरेडिथ यांच्या निबंधाचे पुनःपरीक्षण

एंजिनातील टाकाऊ उष्णता हवेत सोडावयाची, तर हवा कोठेतरी अडवावी लागते. आणि हवा अडविली की विमानाच्या गतीला रोध होतो. विमानांचा वेग वाढू लागला तसा हा रोध रचनाकारांना अधिकाधिक जाचू लागला. १९३१ साली श्नायडर करंडक जिंकणाऱ्या सुपरमरीन एस.६बी या विमानात पंखांचा पृष्ठभागच रेडिएटर म्हणून वापरला होता. १९३४ च्या सुपरमरीन टाइप २२४ मध्ये पाण्याची वाफ करून ती पंखात थंड करण्याची योजना होती. या दोन्ही उपायांनी रोध टळला. परंतु त्याची किंमत नाजूक आणि सहज बिघडणाऱ्या रचनेच्या रूपाने द्यावी लागली.

या पार्श्वभूमीवर फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ साली एथिलीन ग्लायकॉलच्या बंदिस्त रेडिएटरांसंबंधीचा आपला निबंध लिहिला. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. रेडिएटर उघड्या प्रवाहात न ठेवता वायुमार्गात ठेवावा. मार्ग प्रथम रुंदावत न्यावा, म्हणजे हवेचा वेग मंदावून तिचा दाब वाढतो. मंद हवा रेडिएटरातून जाताना घर्षणाचा व्यय थोडा होतो. तेथे उष्णता घेऊन प्रसरण पावलेली हवा निमुळत्या तोटीतून मागे सोडली, तर ती अधिक वेगाने बाहेर पडते आणि थोडा रेटा देते. म्हणून शीतलीकरणासाठी खर्ची पडणारी शक्ती वेगाबरोबर वाढत नाही, उलट घटत जाते. आणि एका विशिष्ट वेगाच्या पलीकडे शीतलीकरण प्रचालनालाच हातभार लावते.

या निबंधाचे खरे महत्त्व त्याने प्रश्नाचे स्वरूप पालटले यात आहे. तोपर्यंत रेडिएटर म्हणजे एंजिनाने विमानावर लादलेला बोजा, असे मानले जाई. मेरेडिथ यांनी दाब वाढविणे, उष्णता देणे आणि प्रसरण होऊ देणे हे उष्णता-एंजिनाचे तीन व्यापार त्या वायुमार्गात दाखवून दिले. ही दृष्टी निर्विवादपणे मौलिक आहे. तथापि पुढील काळात या सिद्धांताचा जो अर्थ रूढ झाला, तो मूळ प्रतिपादनाच्या बळावर टिकत नाही.

२६ ऑक्टोबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या नॉर्थ अमेरिकन मस्टँग विमानाचा रेडिएटर हे एक लहानसे झोत-एंजिनच होते, असे लोकप्रिय लेखनातून वारंवार सांगितले जाते. मेरेडिथ यांच्याच तर्कपद्धतीने या विधानाची परीक्षा करता येते. अशा चक्राची आदर्श कार्यक्षमता हवेचा दाब किती वाढला यावर अवलंबून असते, आणि येथे दाब वाढविणारे साधन म्हणजे केवळ विमानाचा वेग. ध्वनिवेगाच्या ०.३ पट वेगाला ही कार्यक्षमता सुमारे १.८ टक्के, तर ०.६ पट वेगाला सुमारे ६.७ टक्के येते. उदाहरणादाखल १,००० किलोवॅट शक्तीचे एंजिन घेऊन त्यातील ५०० किलोवॅट उष्णता रेडिएटरात जाते असे मानले, तर ०.६ पट वेगाला त्यातून कमाल ३३ किलोवॅट यांत्रिक शक्ती हाती येईल. मळसूत्री पंख्याकडून मिळणाऱ्या उपयुक्त शक्तीच्या ती अवघी चार टक्के भरते. रेडिएटरातील दाबाचा ऱ्हास, भिंतींचे घर्षण आणि बाह्य आवरणाचा रोध हे सर्व याच अल्प मिळकतीतून वजा करावयाचे आहेत. जमाखर्च समतोलाच्या जवळ आला, तरी ते मोठे यश होय. शिवाय या चर्चेत एंजिनाच्या धूरनळ्यांतून मागे फेकल्या जाणाऱ्या वायूंचा रेटा पुष्कळदा रेडिएटरच्या खाती जमा केला जातो. वस्तुतः ते खाते निराळे आहे.

दुसरी मर्यादा प्रत्यक्ष रचनेची आहे. समीकरणे कितीही निर्दोष असली, तरी वायुमार्गाच्या तोंडाशी हवा कोणत्या स्थितीत येते हे ती ठरवू शकत नाहीत. स्पिटफायर विमानातही वायुमार्गातील रेडिएटर होते. पण ते पंखाखाली असून त्यांचे मार्ग आखूड होते. मस्टँगमध्ये मार्गाचे तोंड विमानाच्या पृष्ठभागापासून किंचित दूर ठेवून मंदावलेला सीमास्तर बाहेर वळविण्यात आला. मार्गाला लांबी मिळाली आणि बाहेर पडण्याचे द्वार गरजेनुसार लहानमोठे होऊ लागले. सिद्धांत उभयतांना सारखाच उपलब्ध होता. भेद पडला तो अंमलबजावणीत. अर्थात मर्लिन एंजिनाच्याच स्पिटफायरहून मस्टँग अधिक वेगवान ठरले, याचे श्रेय एकट्या रेडिएटरला देता येत नाही. पंखाचा छेद आणि पृष्ठभागाची सफाई यांचाही त्यात वाटा आहे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र सिद्धांताच्या गर्भातच आहे. वेगाने हवेचा दाब वाढतो तसे तिचे तपमानही वाढते. उणे ५६ अंश सेल्सियसची हवा ध्वनिवेगाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानापुढे अडविली गेली, तर ती सुमारे ११७ अंशांपर्यंत तापते; तिप्पट वेगाला हाच आकडा सुमारे ३३४ अंश होतो. ज्या वेगाने चक्राची कार्यक्षमता वाढावयाची, तोच वेग हवेची थंड करण्याची क्षमता हिरावून घेतो.

झोत-विमानांच्या रचनाकारांना म्हणूनच हवेऐवजी इंधनाकडे वळावे लागले. १९६९ साली उडालेल्या आणि २००३ पर्यंत सेवेत असलेल्या कॉन्कॉर्डमध्ये, तसेच ध्वनिवेगाच्या तिप्पटीहून अधिक वेग गाठणाऱ्या एसआर-७१ मध्ये, वंगणाची व इतर यंत्रणांची उष्णता इंधनात सोडली जात असे. साध्या प्रवासी विमानांतही वंगण थंड करण्यासाठी इंधनाचा उपयोग सर्रास होतो. या योजनेत त्या उष्णतेसाठी बाहेरची हवा अडवावी लागत नाही. आणि इंधनाबरोबर ज्वलनकक्षात परतणारी उष्णता संपीडकाने पुष्कळ वाढविलेल्या दाबाला चक्रात शिरते. दाबाचे गुणोत्तर ३० असेल, तर आदर्श कार्यक्षमता ६२ टक्क्यांच्या आसपास जाते. उष्णता शक्य तितक्या अधिक दाबाला द्यावी, हे मेरेडिथ यांच्या विचाराचे सार येथे त्यांच्या वायुमार्गापेक्षा कितीतरी पूर्णतेने साकारले आहे.

तथापि हा मार्गही विनामूल्य नाही. फार तापलेले इंधन विघटन पावून नळ्यांत काजळी धरते, आणि उतरताना इंधनाचा प्रवाह घटला की उष्णता सामावून घेण्याची त्याची शक्तीही घटते. थंड बाजूचा धोका १७ जानेवारी २००८ रोजी दिसून आला. त्या दिवशी इंधनातील बर्फाने उष्णता-विनिमयकाचे तोंड रोधले गेले आणि एक बोइंग ७७७ विमान हीथ्रोच्या धावपट्टीअलीकडेच उतरले.

रोधाविना शीतलीकरण हे शब्द म्हणूनच जपून वापरले पाहिजेत. रोध नाहीसा होतो तेव्हा त्याचे मूल्य लांबी, वजन, गुंतागुंत किंवा इंधनाची मर्यादा या रूपाने दुसऱ्या खाती मांडलेले असते. मेरेडिथ यांनी तो हिशेब एकत्र मांडावयास शिकविले. त्यांच्या नावावर फुकटच्या रेट्याची कथा चढविल्याने त्यांचा गौरव होत नाही. त्यांची खरी कामगिरी मात्र झाकली जाते.