नवसंहिता आणि स्थानांतराचा प्रश्न

ग्रंथातील वचनांचा क्रम बदलणे हे संपादनातील जोखमीचे कर्म होय. पवनार येथे धाम नदीच्या काठी १९३८ पासून ज्यांचा आश्रम होता, त्या विनोबा भावे यांनी ते धम्मपदाच्या बाबतीत जाणीवपूर्वक केले. पाली धम्मपदात ४२३ गाथा २६ वग्गांत विभागलेल्या असून त्या विभागणीचे तत्त्व सर्वत्र एकच नाही. पुप्फवग्गातील गाथा फुलांच्या उल्लेखामुळे एकत्र आल्या आहेत, तर यमकवग्गातील २० गाथा जोडीजोडीने येतात म्हणून. विनोबांनी आपल्या 'नवसंहिते'त त्या विषयवार लावून प्रकरणे व अध्याय अशी एकात एक बसणारी नवी मांडणी सिद्ध केली.

असेच काम आज कोणी विद्यार्थी करू म्हणेल तर तो संगणकाच्या पडद्यावर अध्याय, प्रकरण व गाथा यांची यादी उघडील, एक गाथा माऊसने धरील आणि ओढत नेऊन दुसरीकडे सोडील. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील दोष सहसा कोणी तपासून पाहत नाही.

साध्या यादीत स्थान बदलले म्हणजे केवळ क्रम बदलतो. यादीत यादी असली म्हणजे मात्र क्रमाबरोबर अंतर्भावही बदलतो, आणि हाताची हालचाल या दोहोंत भेद करीत नाही. एखाद्या अध्यायातील शेवटच्या प्रकरणाची शेवटची गाथा संपते, तिच्याखाली पुढील अध्यायाचे शीर्षक येते. या दोन ओळींमधील फट दिसायला एकच. तिथे सोडलेला घटक मात्र त्या प्रकरणाचा अंश ठरेल, की त्या अध्यायातील नवे प्रकरण, की स्वतंत्र अध्याय? 'लाल टोप्या आणि पिशव्या' या शब्दसमूहात पिशव्या लाल आहेत की नाहीत हे शब्दक्रम सांगत नाही. तोच हा संदेह.

अनेक रचनाकार त्यावर तोड काढतात ती अशी : माऊस उजवीकडे सरकला तर घटक आतल्या पातळीत, डावीकडे सरकला तर बाहेरच्या. ही तोड समाधानकारक म्हणता येत नाही. बोटभर अंतराने गाथेचे प्रकरण बदलावे आणि वाचकाला ते कळूही नये, हे अनुचित होय. सूचक रेषा ज्या पातळीची आहे त्या पातळीच्या समासापासून सुरू झाली पाहिजे, आणि घटक सोडण्यापूर्वीच त्याच्या नव्या आश्रयाचे नाव शब्दांत दिसले पाहिजे.

पाणिनीय परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. अष्टाध्यायीत धातूंचा अधिकार ३.१.९१ पासून तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत चालतो. मधले एखादे सूत्र उचलून चौथ्या अध्यायात नेले, तर त्यातील एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलेल. गाथांना असा व्याकरणिक अधिकार नसतो हे खरे. परंतु प्रकरणाचे शीर्षक वाचकाच्या मनात जवळजवळ तेच कार्य करते.

काही नियम निर्विवाद आहेत. प्रकरण हलले की त्यातील गाथा त्याच्याबरोबर जाव्यात. अध्याय स्वतःच्याच प्रकरणात सोडता येऊ नये. बाप लेकाच्या पोटी घालण्यासारखे ते आहे. एस्केप कळ दाबताच सारे पूर्वस्थितीत यावे.

याहून गंभीर आक्षेप ओढण्याच्या क्रियेवरच आहे. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला पडदा दिसत नाही, त्याला ही यादी बंद राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीने, ओढणे अपरिहार्य नसेल तेथे, न ओढता तेच कार्य साधण्याचा पर्याय आवश्यक मानला आहे. 'वर न्या', 'खाली न्या', 'अमुक प्रकरणात ठेवा' अशी साधी आज्ञावली त्यास पुरेशी आहे. शिवाय ती संदेहरहित आहे; हा तिचा गुण डोळस वाचकालाही उपकारक ठरावा.

यमकवग्गाचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. जोडीतील एक गाथा दुसऱ्या प्रकरणात गेली की मागे राहिलेली गाथा अर्धवट होते, आणि यादीला त्या नात्याची खबर नसते. तिला आश्रय कळतो, सोबत कळत नाही. 'मागे घ्या' ही कळ अलीकडच्या कृती क्रमाने उलटवते. गाथेचे मूळचे घर ती दाखवीत नाही. त्यासाठी प्रत्येक गाथेबरोबर तिचा मूळ वग्ग व क्रमांक, ती कोठेही नेली तरी, चिकटून राहिला पाहिजे, आणि तो संपादकालाही पुसता येता कामा नये.