नकाशा आणि वाटसरू

विश्वास म्हणजे मेंदूची एक अवस्था, या मताची भक्कम मांडणी ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी ‘अ मटीरिअलिस्ट थिअरी ऑफ द माइंड’ (१९६८) या ग्रंथात केली. यू. टी. प्लेस यांनी १९५६ साली केवळ जाणिवेसंबंधी मांडलेला विचार त्यांनी विश्वास, इच्छा, संकल्प अशा सर्व मनोव्यापारांना लागू केला.

त्यांचा युक्तिवाद नेटका आहे. आनुवंशिक गुण ज्यामुळे उतरतात ते जनुक, हे आधी ठरले. ते डीएनएचे असते, हे विज्ञानाने मागाहून दाखविले. तद्वतच, विशिष्ट वर्तन घडवून आणणारी अवस्था ती मनःस्थिती. आणि अशी अवस्था मेंदूतच असते, असे विज्ञान सुचविते.

आमचा आक्षेप विज्ञानावर नाही. डीएनए खरे वा खोटे नसते; विश्वास मात्र खरा किंवा खोटा असतो. आर्मस्ट्राँग यांना याची जाण होती. ‘बिलीफ, ट्रूथ अँड नॉलेज’ (१९७३) या ग्रंथात त्यांनी फ्रँक रॅम्सी यांची उपमा स्वीकारून विश्वासाला नकाशा म्हटले. उपमा मार्मिक आहे. परंतु रेषांना नकाशापण येते ते वाटसरूमुळे, आणि वाटसरू काही रेषांत सापडत नाही.

म्हणून आत्म्याला देहातील भाडेकरू ठरविणे हाही ख्रिस्ती विचार नव्हे. आत्मा देहाचे रूपतत्त्व होय, ही संत थॉमस अक्वायनस यांची भूमिका. व्हिएन येथील विश्वपरिषदेनेही (१३११-१२) तेच शिकविले. विचार मेंदू करीत नाही, एकटा आत्माही करीत नाही, मनुष्य करतो.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा विश्वासांगीकाराचे शब्द विसरते, तेव्हा मुले आम्हा धर्मगुरूंना विचारतात, “फादर, आईची श्रद्धा गेली का हो?” आर्मस्ट्राँग यांच्या मते नकाशा पुसला गेला की विश्वासही संपला. परंतु एक शब्दही न बोलता येणाऱ्या तान्ह्या बाळाला ख्रिस्तसभा बाप्तिस्मा देते. कारण श्रद्धा हे प्रथम देवाचे दान आहे, माणसाचे पाठांतर नव्हे. मेंदू थकला की तिचा उच्चार थांबतो. दान परत घेतले जात नाही.

हे तर्काने सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आर्मस्ट्राँग यांच्या तर्काने ते खोटेही ठरलेले नाही. त्या मुलांना “नाही, गेली नाही” असे सांगताना आम्ही त्यांची खोटी समजूत घालीत नाही.