हिशेब न देणारी भुतं

‘एक्झिट ८’ पाहून मी चिडलो. चित्रपट टुकार असता तर चिडलो नसतो, सोडून दिलं असतं. २०२३ साली आलेला मूळ व्हिडिओ गेम एवढासा होता. मेट्रो स्टेशनातला पांढऱ्या फरश्यांचा एक भुयारी मार्ग, त्यातून चालत राहायचं. काही विपरीत दिसलं तर मागे फिरायचं, नाही दिसलं तर पुढे जायचं, असं करत आठ नंबरच्या दारापर्यंत पोचायचं. समोरून येणारा तो ब्रीफकेसवाला माणूस कोण, भुयार संपत का नाही, आपण इथे अडकलो कसे, यातलं काहीही गेम सांगत नव्हता. म्हणूनच तो रात्री एकट्याने खेळवत नसे.

गेन्की कावामुरांनी २०२५ मध्ये त्याचा चित्रपट केला. नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा सुरुवातीचा लांबलचक शॉट आणि त्या भुयाराची जशीच्या तशी उभारणी पाहताना मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. आणि मग खुलासे सुरू झाले. नायकाची जुनी प्रेयसी गरोदर आहे, बाप व्हायचं की नाही हे त्याचं ठरत नाही, रडणाऱ्या बाळाच्या आईवर ट्रेनमध्ये कुणी तरी खेकसत असताना तो गप्प बसला आहे. म्हणजे भुयार त्याला धडा शिकवायला आलं आहे! एकदा हे कळलं की भिंतीवरची पोस्टरंसुद्धा संस्कारवर्ग घेऊ लागतात, आणि संस्कारवर्गात कंटाळा येतो, भीती वाटत नाही.

हा एका चित्रपटाचा दोष असता तर लिहायचं कारण नव्हतं. पण जपानी भयपटांची वाखाणणी आज जगभर ज्या गोष्टींसाठी होते त्या पाहिल्या की वाटतं, मुद्दाच हुकला आहे. एका गोटाला तोंडावर केस सोडलेली बाई हवी असते. त्यांच्यासाठी ‘सदाको ३डी’ झाला, पुढे ‘सदाको विरुद्ध कायाको’ अशी दंगलही लावून झाली. त्याबद्दल याहून जास्त शाई खर्च करायची नाही. दुसऱ्या गोटाला रक्त हवं असतं. ‘इचि द किलर’, ‘टोकियो गोर पोलिस’, ‘गिनीपिग’ मालिका यांच्या याद्या ही मंडळी घाट चढल्याच्या अभिमानाने मिरवतात. ताकाशी मीकेंच्या ‘ऑडिशन’चं (१९९९) नाव त्याच यादीत बघून तर माझं डोकं फिरतं. सगळ्यांना शेवटच्या सुया आठवतात. पण त्याच्या बऱ्याच आधी एका रिकाम्या खोलीत त्यातली मुलगी मान खाली घालून फोनची वाट बघत बसलेली असते, मागे जमिनीवर एक पोतं पडलेलं असतं, फोन वाजतो आणि पोतं हलतं. माझ्या दृष्टीने ‘ऑडिशन’ तिथेच जिंकतो. ओबायाशींचा ‘हाउस’ मला प्रिय आहे, पण ती दिवाळी आहे, अमावस्या नव्हे. ‘वन कट ऑफ द डेड’ हा चित्रपट बनवणाऱ्यांवरचा विनोदी चित्रपट आहे. हसावं आणि पुढे जावं.

जुन्या जपानी भुतांचं एक बरं होतं. त्यांचा हिशेब चोख असे. नोबुओ नाकागावांच्या ‘योत्सुया कैदान’मध्ये (१९५९) इएमोन बायकोला विष देतो, तिचा चेहरा विद्रूप होतो, ती मरते आणि मग त्याला जगू देत नाही. कोबायाशींचा ‘क्वैदान’ (१९६४) पाहताना, रंगवलेल्या आभाळातून बघणाऱ्या त्या डोळ्यांसमोर, श्वास अडकतो हे खरं. पण तिथेही कायदा आहे: होइचीच्या अंगभर मंत्र लिहिले, कान तेवढे राहिले, म्हणून भूत कान घेऊन गेलं. वचन मोडलं तर शिक्षा, मंत्र विसरला तर तेवढ्यापुरता दंड. हे आपल्याला परकं नाही. आपल्याकडचं भूतही अतृप्त वासनेचं असतं, त्याला काहीतरी हवं असतं, आणि ते दिलं की जातं. उतारा टाका, नारायण नागबळी करा, मोकळे व्हा. अशा भुताने घाम फुटतो, पण जगाची व्यवस्था शाबूत राहते. कानेतो शिंदोंचा ‘ओनिबाबा’ तेवढा त्या काळात वेगळा वाटतो. त्यात भूत जवळजवळ नाहीच. माणसाहून उंच गवत आहे, भूक आहे, मेलेल्या सामुराईंना ढकलायचा एक खड्डा आहे. वाऱ्याने हलणारं ते गवत कुणाचाही सूड घेत नाही.

व्यवस्था खरी मोडली ती ‘रिंगु’मध्ये. हिदेओ नाकातांचा हा चित्रपट १९९८चा, पटकथा हिरोशी ताकाहाशींची. टीव्हीतून बाहेर येणारी सदाको सगळ्यांना पाठ आहे, पण त्याआधी काय होतं ते आठवा. शापित व्हिडिओ टेप पाहिलेली रेइको विहिरीत उतरते, पाणी उपसते, सदाकोची हाडं शोधून काढते, कवटीला कुशीत घेते. मरणाची मुदत टळून जाते आणि ती जिवंत राहते. जुन्या हिशेबाने हा शेवट झाला: आत्म्याला शांती मिळाली. दुसऱ्या दिवशी तिच्या माजी नवऱ्याच्या, र्‍युजीच्या खोलीतला टीव्ही आपोआप सुरू होतो. सदाकोला शांती नकोच होती. रेइको वाचली ती टेपची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली म्हणून, करुणेमुळे नाही. जपानी भयपटांत श्राद्ध निष्फळ ठरल्याची ही घटना मला सदाकोच्या केसांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

त्याआधीही जमीन भुसभुशीत केली होती ती नोरिओ त्सुरुतांनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी थेट व्हिडिओ कॅसेटवर निघणाऱ्या छोट्या भयकथा केल्या. त्यांतलं भूत चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात नुसतं उभं असतं. कॅमेरा त्याच्याकडे धावत नाही, संगीत किंचाळत नाही. पाहणाऱ्याला ते दिसलं तर दिसलं.

हीच शिस्त कियोशी कुरोसावांनी शेवटाला नेली. (अकिरा कुरोसावांशी यांचं काही नातं नाही, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) ‘क्युअर’ (१९९७) हा वरकरणी पोलिसी थरारपट. टोकियोत खून होताहेत, प्रत्येक प्रेतावर फुलीसारखा कापल्याचा व्रण आहे, आणि प्रत्येक खुनी वेगळा, साधा, सापडलेला आहे. आपण का मारलं ते त्यांना सांगता येत नाही. त्यांना भेटलेला मामिया नावाचा तरुण स्वतःबद्दल काही आठवत नसल्यासारखा वागतो आणि समोरच्यालाच विचारत राहतो, तू कोण? लायटरची ज्योत, फरशीवरून सरकणारं पाणी, एवढं त्याचं सामान. एक पोलीस चौकीबाहेर आपल्या सहकाऱ्याच्या डोक्यात गोळी घालतो. हा प्रसंग कुरोसावा लांबून, एकाच शॉटमध्ये, दिवसाढवळ्या दाखवतात. कागदपत्रं भरावीत तसं तो ते करून टाकतो. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर पिस्तुलाचा, डोळ्यांचा, घामाचा क्लोज-अप घेतला असता आणि आपण त्या माणसाच्या मनात शिरलो असतो. कुरोसावा आपल्याला आत शिरू देत नाहीत, कारण आत काही असेल याची त्यांना खात्री नाही. कोजी याकुशोंनी उभा केलेला ताकाबे हा तपास अधिकारी घरी येतो तेव्हा त्याच्या बायकोने रिकामं वॉशिंग मशीन लावून ठेवलेलं असतं. त्या घरघरीने मला जितकं अस्वस्थ केलं तितकं कुठल्याही भुताने केलेलं नाही. आणि शेवटी ताकाबे हॉटेलात जेवतो, त्याच्याशी बोललेली वेट्रेस मागे दूर कुठेतरी सुरी उचलते, आणि चित्रपट संपतो.

‘पल्स’मध्ये (२००१) मेलेल्यांच्या जगात जागा उरलेली नाही, म्हणून ते इंटरनेटवाटे इकडे झिरपतात, असं एक पात्र सुचवतं. तो अंदाज खरा की खोटा, हे चित्रपट तपासतही नाही. बंद खोलीत एक बाई संथपणे चालत येते, मध्येच तिचा तोल जातो, ती सावरते आणि पुन्हा येऊ लागते. तिने धाव घेतली असती तर दचकलो असतो आणि संपलं असतं. हॉलिवूडने २००६ मध्ये याची नवी आवृत्ती काढली आणि तिच्यातून नेमका हा संथपणाच गेला.

२०२४चा त्यांचाच ‘चाइम’ पाऊण तासाचा आहे. स्वयंपाकाच्या वर्गात एका विद्यार्थ्याला कसलासा नाद ऐकू येतो. तो हातातल्या सुरीने स्वतःचा जीव घेतो. पुढे शांत, सभ्य शिक्षकाच्या हातूनही खून होतो. नाद कसला? विद्यार्थी म्हणतो त्याप्रमाणे त्याच्या मेंदूत खरंच यंत्र होतं? उत्तर नाही. स्टीलची टेबलं, अख्खी कोंबडी कापायला कचरणारी मुलगी, घरी रिकाम्या कॅनच्या पिशव्यांचा खडखडाट, एवढ्यावर भागतं. ‘चाइम’ पाहिल्यावर ‘एक्झिट ८’ अधिकच टोचतो, कारण खुलासा न करता भीती उभी राहते हे याच देशात, वर्षभर आधीच, दिसलेलं होतं.

‘शेवट समजावून सांगतो’ म्हणणारे व्हिडिओ आता चित्रपट लागायच्या आत निघतात. ‘लॉजिक नाही’ ही तक्रार तर मी आपल्या फिल्म सोसायट्यांतल्या चांगल्या जाणत्या माणसांकडून ऐकली आहे. नारायण धारपांच्या समर्थांवर वाढलेल्या वाचकाला कुणीतरी जाणकार येईल, विस्तव पेटवेल, अमंगळाला त्याच्या जागी पाठवेल असं वाटणं मी समजू शकतो. मीही त्याच पुस्तकांवर वाढलो. पण तर्क मागणारे प्रत्यक्षात तर्क मागत नाहीत, दिलासा मागतात. नायक बाप व्हायला घाबरत होता म्हणून भुयार आलं, हा कुठला तर्क? बाप व्हायला घाबरणारी लाखो माणसं रोज मेट्रोने घरी पोचतात. ते कारण ऐकून आपण एवढंच ठरवतो की आपण तसे नाही, सबब आपल्याला भुयार लागणार नाही. कारण दिलं की प्रेक्षक सुटतो. कुरोसावांच्या चित्रपटांत तो सुटत नाही, कारण तिथे मारणाऱ्यात आणि त्याच्यात दाखवण्यासारखा फरकच नसतो.

कुरोसावांच्याच ‘क्लाउड’वर (२०२४) ‘लॉजिक नाही’ हाच आरोप झाला. योशिई वस्तू स्वस्तात उचलून इंटरनेटवर महाग विकतो. फसलेले, दुखावलेले अनोळखी लोक टोळी करून त्याची शिकार करायला निघतात. प्रत्येकाचा राग क्षुल्लक आहे, काहींना तर स्वतःचा राग धड सांगताही येत नाही, आणि बंद पडलेल्या कारखान्यात गोळ्या मात्र खऱ्या सुटतात. समीक्षक म्हणाले, उत्तरार्ध पटत नाही; योशिईचा नोकर सानो अचानक सराईत नेमबाज कसा निघतो, त्याला पिस्तूल पुरवणारे कोण, मालकासाठी तो एवढं का करतो? सानोला बालपण द्या, एखादी मेलेली बहीण द्या, उपकाराची परतफेड द्या. प्रश्न सुटेल, आणि त्याच क्षणी तो कुणीही सद्गुणी, कृतज्ञ मुलगा होईल. त्याला निव्वळ मदत करायची आहे, काम पुढे चालू राहावं एवढंच त्याला हवं आहे. याहून भीतिदायक कारण मला तरी सुचत नाही, आणि ज्यांना ते अपुरं वाटतं त्यांनी आपल्या ऑफिसात एकदा मान वर करून बघावं.